चारशे सतरा नंबरची चावी

सांगली, ६ मे २०२४

क्रांतीस आशीर्वाद, आणि एक तक्रार.

माझ्या हातानं झालेल्या वस्तू अशा. हळदीच्या एका पेढीचं सहा लिव्हरचं कुलूप, वजन साडेचार किलो, एकोणीस वर्षांत एकदाही अडकलेलं नाही. नदीकाठच्या एका देवळाची दानपेटी, तिला तीन चाव्या लागतात, कारण तिथल्या तीन पंचांचं एकमेकांशी पटत नाही. छत्रीच्या काड्या घासून केलेले अकरा हूक, ज्यांनी मी कुलूप न फोडता उघडतो. सायकलच्या चाकावर चालणारं चावी घासायचं यंत्र, पुढं त्याला मोटर लावली ती पण मीच. आणि मूळ चावी हाती नसताना केलेल्या चारशे एकवीस चाव्या. प्रत्येकीच्या मुठीवर 'गुं' आणि नंबर ठोकलेला आहे. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. आबांनी उसाला पाणी पाजायला शिकवलं होतं, ते मी विसरलो.

हे सगळं तुला पाठ आहे. तरी तू मला विचारतेस, 'शिरवळात घराच्या कुलपांच्या चाव्या बदलून देणारा कुणी बरा माणूस ठाऊक आहे का?' सख्ख्या मावसभावाचं दुकान असताना. ते पण चार ओळींत, आणि अक्षर तुझं नाही. कंपनीत सुपरवायझर झालीस म्हणून लिहायला माणूस ठेवलास काय?

असो. फोनवर मी कुलपाचं बोलत नाही हे लक्षात ठेवून पत्र पाठवलंस, तेवढं बरं केलंस.

आता नीट वाच. चावी हरवली म्हणून अख्खं कुलूप फेकायचं नसतं. कुलपाच्या पोटात बारक्या पितळी पिना असतात, उंचीनं कमीजास्त. त्या पिना बदलल्या की जुनी चावी आत जाते पण फिरत नाही. कुलूप तेच, दार तेच, बाहेरून कुणाला काही कळत नाही. जो माणूस बघताक्षणी म्हणेल, 'ताई, नवीनच बसवू', तो कारागीर नव्हे, दुकानदार. जो आधी ड्रिल काढेल त्याला चहासुद्धा विचारू नकोस. एक साधं कुलूप बंद करून त्याच्या हातात दे, चावी तुझ्याजवळ ठेव, आणि उघडायला सांग. पंधरा मिनिटांच्या आत उघडलं आणि कुलूप पुन्हा चाललं, तर माणूस कामाचा. पिना तुझ्यासमोर बदलायला लाव. जुन्या पिना मोजून परत घे. नव्या चाव्या किती केल्या ते विचार, आणि तेवढ्या सगळ्या तुझ्या हातात आल्या पाहिजेत.

लग्नाला आलो नाही याचा राग अजून धरलायस का? अकरा वर्षं झाली. त्या दिवशी पतसंस्थेची तिजोरी अडकली होती, दुसऱ्या कुणाला उघडली नसती. मानसिंगरावांना अजून पाहिलेलं नाही, त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा गुंडादादा


शिरवळ, १४ मे २०२४

दादा, नमस्कार.

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. मागचं पत्र वरच्या मजल्यावरच्या रेश्मानं लिहिलं होतं. हे मी डाव्या हातानं लिहितेय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. जिन्यात लागलं.

तू सांगितलंस तसं केलं. इथं एसटी स्टँडच्या कडेला पप्पू म्हणून एक माणूस टपरी टाकून बसतो. छत्र्या, कुकर, चाव्या, सगळं करतो. त्याला कपाटाचं कुलूप दिलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं आणि म्हणाला, "परीक्षा घेताय व्हय ताई? पास झालो तर काय देणार?" मी म्हटलं, काम देणार. अकरा मिनिटांत उघडलं, ड्रिल नाही, हातोडी नाही. "कुणी सांगितलं तुमाला असं बघायला?" म्हणाला. सांगलीच्या दादानं म्हटल्यावर म्हणतो, "मग त्यांनाच बोलवायचं की, माज्यासारख्या टपरीवाल्याकडं कशाला आला?"

मागच्या दाराच्या पिना त्यानं बदलल्या. जुन्या आठ पिना मोजून घेतल्या, चाव्या दोन केल्या, दोन्ही माझ्याकडं आहेत. पुढच्या दाराचं काम थांबवलंय, तुझं उत्तर येईपर्यंत. तोवर मी रेश्माकडं झोपते.

एक विचारते, रागावू नको. ज्याच्याजवळ चावी नाही असा माणूस आला तर त्याला चावी करून देताना तू काय बघतोस? कागद बघतोस? घर कुणाचं आहे ते विचारतोस? खरं खरं सांग.

क्रांती


सांगली, १९ मे २०२४

क्रांतीस,

जिना उतरताना कठड्याला धरावं. आणि पिना बदलायच्या राहिल्या म्हणून स्वतःचं घर सोडून रेश्माकडं झोपायचं? लहानपणी माणदेशात मेंढराच्या कळपात एकटी झोपायचीस तू. मोठी झालीस तशी भित्री झालीस.

अकरा मिनिटं म्हणजे वाईट नाही. मी चार लावली असती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो माझ्या धंद्याचा प्रश्न आहे. कागद मी बघत नाही. कागद झेरॉक्सवाल्याकडं हवा तसा मिळतो. मी अंगठा घेतो. मूळ चावी नसताना चावी करायची असेल तर रजिस्टरात तारीख, नाव, चावीचा नंबर आणि गिऱ्हाइकाच्या डाव्या हाताचा अंगठा. साबणात किंवा मेणात ठसा आणला असेल तर तो ठसा पण मी परत देत नाही, नंबर घालून खणात ठेवतो. एवढं सांगलीत दुसरं कुणी करत असेल तर दाखव.

गेल्याच महिन्याचं उदाहरण देतो. तुमच्या शिरवळकडचाच एक माणूस, मार्केट यार्डातून गूळ नेणारा टेम्पोवाला. साबणाच्या वडीत दाबलेला चावीचा ठसा घेऊन आला. वडी वाळून चिरलेली, दोन दात अर्धवट. तीन दुकानांनी परत पाठवलं होतं. मला म्हणाला, "दादा, ह्ये तुमालाबी जमायचं न्हाई, पर म्हटलं इचारून बघावं." बायको माहेरी गेलीय, चावी तिच्याजवळ, घर बंद. मला असं कुणी म्हटलं की मग मी जेवायला पण उठत नाही. भिंगाखाली ठसा धरला, चिरेमुळं गेलेले दात शेजारच्या दातांच्या चढावावरून काढले. चाळीस मिनिटं. दार न बघता चावी केली आणि त्याला सांगितलं, घरघर करणार नाही, लोण्यातून सुरी गेल्यासारखी फिरेल. माणूस इतका खूश झाला की मीच त्याला चहा पाजला. नंबर चारशे सतरा. रजिस्टरात नाव पृथ्वीराज, तारीख २१ एप्रिल.

मी कशी कामं करतो ते आता कळलं असेल.

गुंडादादा


शिरवळ, २ जून २०२४

दादा,

तुझं पत्र आल्यावर बारा दिवस लिहिलं नाही. आता लिहिते.

त्याचं नाव पृथ्वीराज नाही. पृथ्वीराज त्याचा भाऊ. तू ज्याला चहा पाजलास तो मानसिंग.

फेब्रुवारीत मी त्याच्यावर मारहाणीची केस केली. आई-आप्पांनी दहिवडीची जमीन विकून माझ्या नावावर घेऊन दिलेलं हे घर. कोर्टानं मार्चमध्ये त्याला घरात पाऊल टाकायला बंदी केली. त्याच्या चाव्या पोलिसांनी स्टेशनात जमा करून घेतल्या. जमा करण्याआधी त्यानं एक साबणात दाबून ठेवली होती, हे मला नंतर समजलं.

२४ एप्रिलला दुपारी मी दुसऱ्या पाळीला निघाले होते, डबा भरत होते. पुढच्या दारात चावी फिरली. इतकी मऊ फिरली की मला आवाजच आला नाही, फक्त उजेड आत आला. तो खुर्चीवर बसला. चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "वळख बघू कुणाचं काम हाय. 'गुं' हाय त्याच्यावर. तुजा दादा लय कारागीर. मला च्या बी पाजला गड्यानं." मी पळाले. त्यानं उजवा हात धरला, मनगट चौकटीत ठेवलं आणि दार लावलं. एकदा नाही. तीनदा. तिसऱ्या वेळेला हाडाचा आवाज आला तसा तो हसला. मग माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली, हात धुतले, दार नीट ओढून घेतलं आणि गेला. रेश्मा आली तेव्हा मी मोरीत पडले होते.

पोलिसांना मी सांगितलं. तो म्हणाला, "माज्याकडं चावी न्हाई, तुमच्याकडंच जमा हाय. तिनंच दार उघाडलं. पडली आसंल जिन्यात." स्टेशनात चाव्या खरंच होत्या. चार टेम्पोवाल्यांनी सांगितलं की त्या दुपारी तो लोणंदला होता. मी खोटी पडले.

तुला तेव्हा का विचारलं नाही, ते सांगते. मला वाटलं, तुला ठाऊक असून तू चावी दिलीस. आमच्याकडचे पुरुष म्हणतात ना, नवरा-बायकोत पडू नये, तसं. म्हणून दुसरा कुलूपवाला विचारला, की तू काय लिहितोस ते बघावं. तू लिहिलंस, मानसिंगरावांना नमस्कार सांग. तुझी फुशारकी वाचली तेव्हा खात्री पटली. तुला काही माहीत नव्हतं. तू फक्त चावी बघत होतास.

आता काम सांगते. जुनी चावी नुसती फिरली नाही, एवढ्यानं भागत नाही. तो येईल, चावी चालणार नाही, निघून जाईल आणि मी पुन्हा खोटी. तो आला होता हे दाराला दिसलं पाहिजे. ती चावी आत जावी आणि निघू नये, असं करता येतं का?

आणि तू येऊ नको. तू आलास तर मोकळ्या हातानं येणार नाहीस.

क्रांती


सांगली, ५ जून २०२४

क्रांती,

पत्र वाचलं आणि दीड किलोची हातोडी पिशवीत घालून स्टँडवर गेलो. पुण्याच्या गाडीत बसलो. त्याच्या हाताचं एकेक हाड कुठल्या क्रमानं मोडायचं ते इस्लामपूरपर्यंत ठरलं होतं. मनगट आधी नाही. बोटं आधी, म्हणजे शेवटपर्यंत शुद्धीवर राहील. कराडला गाडी थांबली तेव्हा तुझी शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि उतरलो. परतीच्या गाडीत शेजारचा म्हातारा म्हणाला, "आवं पिशवी खाली ठिवा की, मांडीवर कशापायी घेतलीय?" मला ठेवता आली नाही.

तू लिहिलंस, मी फक्त चावी बघत होतो. बरोबर आहे. त्याच्या हाताच्या बोटांवर ओरखड्यांचे जुने वण होते, ते मी बघितले होते. कुणाच्या नखांचे, हे विचारावंसं वाटलं नाही. दोन तुटलेल्या दातांचा विचार करत होतो.

तू म्हणतेस ते करता येतं. कुलपाच्या नळीत, चावी पाव फेरा फिरल्यावर जिथं पिन येते, तिथं एक भोक पाडायचं. जुनी चावी आत जाईल, पाव फेरा फिरेल, आणि एक पिन त्या भोकात पडेल. मग पुढं नाही, मागं नाही. मूठ तुटेल पण चावी निघणार नाही. दार मात्र उघडणार नाही, कारण कडी सरकायला अर्धा फेरा लागतो. नवी चावी ती पिन वेगळ्या उंचीवर उचलते, तिला भोक लागत नाही.

हे काम मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही. सोबतच्या डबीत पिना आहेत, आणि कागदावर माप घालून चित्र काढलंय. ते पप्पूला दे. भोक अडीच मिलिमीटरचं, खोली दोन, त्यात केसभर फरक चालणार नाही. त्याला काही अडलं तर मला पत्र लिहू दे. माझं नाव घेऊन दटावू नको, नीट विनंती कर.

दाराला आतून दोन अडसर लाव. रेश्माला वरच्या खिडकीत बसवून मोबाइलवर चित्र घ्यायला सांग. तू घरात एकटी असताना हे करू नकोस.

रजिस्टरातलं पान आणि साबणाची वडी जपून ठेवली आहे. अंगठा स्वच्छ उठलाय. कोर्टात मला सांगावं लागेल की कुणाचं घर, कुणाची बायको, काही न विचारता मी चावी केली. सगळ्या मार्केट यार्डात कळेल. सांगेन.

गुंडा


शिरवळ, ११ जुलै २०२४

दादा,

तो आला. ३ जुलै, दुपारी सव्वाबारा.

पप्पूनं दोन दिवस काम केलं होतं. तुझं चित्र बघून म्हणाला, "ह्यो माणूस येडा हाय का देव हाय?" पहिलं भोक चुकलं म्हणून स्वतःच्या पैशानं नळी आणली आणि पुन्हा पाडलं. मजुरी घेतली नाही, चित्र मागून घेतलं. मी दिलं.

मी स्वयंपाकघरात होते, रेश्मा वर. चावी आत गेल्याचं कळलं, कारण या वेळेला टक् झालं. मग तो चावी हिसकू लागला. दार हलायला लागलं. "क्रांते, चावी सोड," म्हणतोय. जणू मी आतून धरलीय. मग लाथा. वरचा अडसर निखळला. मग तो मागं फिरला, टेम्पोतला जॅकचा दांडा आणला आणि स्वयंपाकघराची खिडकी फोडली. काचा पिठात पडल्या. गजातून हात आत घातला, खांद्यापर्यंत, मागच्या दाराची कडी चाचपायला. तीच बोटं.

पोलिसांना मी सांगितलंय की त्याला काच लागली. तुला खरं सांगते. ओट्यावर वरवंटा होता. मी डाव्या हातानं उचलला, आणि त्याचा हात ओट्याच्या कडेवर आला तेव्हा घातला. एकदा. तो ओरडला, आईला हाक मारली त्यानं. हात काढून घेता येईना, गजात अडकला होता. मग मी दोनदा आणखी घातला. दादा, तीन मी मोजूनच घातले. नंतर वरवंटा धुतला आणि त्यावर मसाला वाटला, पोलीस येईपर्यंत. मसाला रोजच्यासारखा बारीक झाला, याचीच मला आता भीती वाटते.

चावी दारातच होती. मूठ तुटून त्याच्या खिशात सापडली, 'गुं ४१७'. हवालदारानं दोन्ही तुकडे जुळवून बघितले. चावी कुणी केली विचारल्यावर मी तुझं नाव सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "म्हणजे कुलूपवाला गुंडा, आणि गुंडा टेम्पोवाला?" पहिल्यांदा हसू आलं मला, पाच महिन्यांत.

तो आत आहे, पण त्याचा वकील म्हणतो जामीन होईल. त्याच्या बाजूचं म्हणणं, चावी मीच करून आणली आणि सापळा लावला. २७ ऑगस्टला खंडाळ्याच्या कोर्टात तारीख आहे. तुझं रजिस्टर आणि तू, एवढंच आहे माझ्याकडं. पोलिसांनी पानाची झेरॉक्स नेली आहे ना? मूळ तू घेऊन ये. ते पान गेलं तर तो परत येईल, आणि या वेळेला चावी आणणार नाही.

क्रांती


सांगली, २२ ऑगस्ट २०२४

क्रांतीस,

आता माझं अक्षर वाकडं आलंय. डाव्या हातानं लिहितोय. तुझं डावं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं, हे कबूल करतो.

परवा दुपारी दोघं दुकानात आले. एक खरा पृथ्वीराज, मानसिंगचा भाऊ. दुसऱ्यानं नाव सांगितलं नाही. पृथ्वीराज ज्या स्टुलावर बसला त्याच स्टुलावर त्याच्या भावाला मी चहा पाजला होता. या वेळेला चहा विचारला नाही. आधी गोड बोलणं झालं. माझं नाव फुकट तुमच्या पुस्तकात आलंय, म्हणाला, घरातली भानगड, बाईमाणूस दोन दिवसांत गप बसतं. मग त्यानं जे पुढं केलं ते शेवटी लिहितो. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुमी इचार करा, आमी थांबतो." दुसऱ्यानं शटर खाली ओढलं.

आधी यंत्र फोडलं. सायकलच्या चाकावरचं, जे मी बाविसाव्या वर्षी केलं होतं. मग अकरा हूक एकेक करून वाकवले. मग माझा उजवा अंगठा माझ्याच लोखंडी शिकंज्याच्या, व्हाइसच्या, जबड्यात धरला आणि दांडा फिरवला. व्हाइसच्या स्क्रूला मी गेल्या आठवड्यात वंगण दिलं होतं, म्हणून जराही आडकाठी न करता फिरला. "पान कुठं हाय?" प्रत्येक पाव फेऱ्याला विचारायचा. तिसऱ्या पाव फेऱ्याला नख फुटलं. पाचव्याला सांगितलं. खरंच सांगितलं, लपवलं नाही. म्हटलं, रजिस्टर देवळाच्या दानपेटीत आहे, वरच्या फटीतून आत सरकवलेलं. ती मी केलीय. तिला तीन चाव्या लागतात, तीन पंचांकडं असतात, आणि त्या तिघांना एका वेळी एका जागी आणायचं असेल तर तुम्ही प्रयत्न करून बघा, मला सहा वर्षांत जमलेलं नाही. पृथ्वीराजनं आणखी एक फेरा दिला आणि दोघं गेले.

डॉक्टरांनी पहिलं पेर काढलं. कानस धरता येणार नाही, चावी घासता येणार नाही. आकडा चारशे एकवीसवर थांबला. तक्रार दिली आहे. दुकानातलं उरलेलं सामान पप्पूला पाठवतोय, त्यानं ते नीट ठेवावं. तुझ्याकडं पुन्हा कधी कुलपाचं काम निघालं तर त्याच्याकडंच जा. भोक दोनदा पाडणारा माणूस माझ्यापेक्षा चांगला कारागीर आहे. मी पहिल्या भोकावर अडून बसलो असतो.

पंचांना काल भेटलो. अंगठा दाखवला. तिघं एकत्र आले, एकमेकांशी बोलले नाहीत, पण तिन्ही चाव्या लावल्या. रजिस्टर आता माझ्या शर्टाच्या आत आहे. २७ तारखेला सकाळच्या गाडीनं येतो. या वेळेला पिशवीत हातोडी नाही, कराडला उतरणार नाही.

कोर्टात त्यांचा वकील विचारेल, हा कुलूपवाला पैसे घेऊन बोलतोय का. म्हणून आधीच कागदावर लिहून ठेवतो, तू हे पत्र सांभाळ. २० ऑगस्टला दुपारी पृथ्वीराजनं माझ्या दुकानात स्टुलावर बसून, चारशे सतरा नंबरच्या चावीचं एक पान फाडून द्यायचे, रोख, पिशवी टेबलावर ठेवून, साडेतीन लाख रुपये देऊ केले. मी नको म्हटलं.

गुंडा नाथाजी खराडे